गाणी आली, संवाद गेले

महोदय,

'द फिलाडेल्फिया स्टोरी' (१९४०) हा हॉलिवूडचा चित्रपट आणि त्याचाच संगीतमय अवतार 'हाय सोसायटी' (१९५६) आम्ही घरी लागोपाठ पाहिले. कोल पोर्टरची गाणी गोड आहेत, जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगने तर धमाल उडवली आहे. पण जुन्यात लग्नाच्या आदल्या रात्री शॅम्पेनच्या नशेत जेम्स स्टुअर्ट नवरी झालेल्या कॅथरिन हेपबर्नशी बोलू लागतो. बोलता बोलता त्याचा आवाज चढतो आणि तिचा ताठा आपल्या डोळ्यांदेखत गळून पडतो. नव्यात त्या जागी फ्रँक सिनात्रा गातो. गातो सुरेखच, पण नवरी झालेली ग्रेस केली नुसती ऐकत राहते. स्टुअर्टला ऑस्कर उगाच नाही मिळालं! सोलापुरातल्या रसिक मंडळांनी हे दोन्ही चित्रपट एकाच दिवशी दाखवावेत, आणि जुना आधी.

– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर