उजेडाआधी सावली दाखवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

आमच्या हौशी संघाच्या नाटकाची प्रकाशयोजना मी केली आणि ती जमली, ती तुमच्यामुळे. तोंडावर आभार मानले असते तर पुढचा क्यू (दिवे बदलायची खूण) बघ म्हणून तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

दिव्यांची नावं तुम्ही आधी सांगितलीच नाहीत. रिकाम्या रंगमंचावर एका नटाला उभं केलंत आणि एकच दिवा जागा बदलून लावत राहिलात. समोरून लावला, चेहरा सपाट. डोक्यावरून, डोळ्यांच्या जागी काळ्या खोबण्या. मागून, चेहरा गेलाच, पण खांद्यांना कड आली आणि माणूस पडद्यापासून सुटा झाला. बाजूने, अंगाची गोलाई उठली. नृत्याला विंगेतले दिवे का लागतात ते तिथेच कळलं. शेवटी समोरून दोन, डावा-उजवा, साधारण 45 अंशांवर, एक उबदार छटेचा आणि एक थंड. चेहरा उजळला तरी त्याचा उठाव राहिला. ही स्टॅन्ली मॅकँडलेस यांची 1932 सालची पद्धत, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तोवर ती डोळ्यांत बसली होती.

मग दिवे ओळखणं सोपं गेलं. प्रोफाइल दिव्याच्या झोताची कड धारदार. शटरने झोत कापायचा, गोबो, म्हणजे नक्षी कापलेली चकती, घालून खिडकीची जाळी पाडायची. फ्रेनेल दिव्याची कड मऊ, शेजारच्या उजेडात मिसळून जाणारी. (त्यातलं फ्रेनेल भिंग मुळात दीपगृहांसाठी घडवलेलं, हे मला फार आवडलं.) पार दिव्याचा झोत लंबगोल, बल्ब फिरवला की आडव्याचा उभा होतो. मूव्हिंग हेड, म्हणजे मोटरवर वळणारे दिवे, मात्र हाताशी असले की हलवावेसे वाटतातच, त्याला माझा इलाज नाही.

अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट उरतो, हे तुम्ही दिवे टांगायचा बार वर चढवून दाखवलंत. त्यामुळे बारची उंची ठरल्याशिवाय मी आता दिव्यांची यादी करत नाही. हॅलोजन मंद केला की तांबूस होत जातो, साधा एलईडी नुसताच मंद होतो. संध्याकाळच्या प्रवेशात तो तांबूसपणा मी वेगळा मिसळला. लाल झोतात हिरवा पोशाख काळा पडतो, हे वेशभूषाकारांना वेळेत सांगता आलं.

आणि सेफ्टी चेन, दिवा निसटला तरी खाली पडू नये म्हणून लावायची साखळी. ती अडकवल्याशिवाय तुम्ही एकही दिवा बारवर राहू दिला नाहीत. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू दिलं नाहीत, कारण बोटांचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब फुटू शकतो. आमच्या संघातली नवी मुलं आता माझ्याकडून हेच ऐकून वैतागतात.

पुढच्या तालमीला याच. तिसऱ्या प्रवेशातला फेड, म्हणजे उजेडाचा हळूहळू होणारा बदल, 8 सेकंदांचा ठेवलाय. दिग्दर्शकांना तो बरोबर वाटतो, मला लांबतोय असं वाटतं. तुम्ही बघून सांगा.

तुमची,
प्रकाशयोजनेतली विद्यार्थिनी