मनगटावरच्या उंचीचा भरवसा किती?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डोंगरवाटा चालणाऱ्या, धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मंडळींकडून एक तक्रार अलीकडे वारंवार कानावर येते, ती म्हणजे हातातले स्मार्टवॉच उंची चुकीची दाखवते. एकाच वाटेने बरोबर चाललेल्या दोघांच्या घड्याळांत एकूण चढाईचा आकडा शे-दीडशे मीटरने वेगळा निघतो, आदल्या संध्याकाळी बरोबर असलेली मुक्कामाची उंची सकाळी उठून पाहावी तर बदललेली असते, आणि कुणाला समुद्रकिनाऱ्यावर उभे असताना उणे साठ मीटर असा आकडा दिसतो. त्यावर मिळणारा सल्ला बहुधा दोनच प्रकारचा असतो: घड्याळ बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर बदलून घ्या. गेली वीस वर्षे मी डोंगरात फिरते आहे आणि लहान गटांना घेऊनही जाते. चुकलेल्या आकड्याचे कारण शोधता येते आणि बहुतेक वेळा ते दूरही करता येते, असा माझा अनुभव आहे, आणि तो आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या घड्याळात उंचीमापक असतो ते प्रत्यक्षात उंची मोजतच नाही, ते हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा हिशेब मांडते. ही कल्पना नवी नाही. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने १६४३ मध्ये पाऱ्याचा वायुदाबमापक तयार केला आणि सप्टेंबर १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए तशीच पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द डोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा ८ सेंटीमीटरांहून अधिक खाली आला होता. आपल्या घड्याळात पाऱ्याच्या जागी दाबाने किंचित वाकणारा एक अतिसूक्ष्म पडदा असतो, एवढाच फरक. हा पडदा इतका संवेदनशील असतो की चांगल्या सेन्सरला एक मीटर उंचीचा फरकही कळतो.

अडचण अशी की, दाब केवळ उंचीने बदलत नाही, हवामानानेही बदलतो, आणि या दोहोंतला फरक पडद्याला कळण्याचा मार्ग नाही. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाब कमी झाला की घड्याळ सुमारे ८ मीटर चढल्याचे सांगते, मग आपण जागचे हललेलो नसलो तरीही. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण अंगवळणी पडले ते एका धुक्याच्या सकाळी. १,१२० मीटर उंचीच्या खिंडीत आमचा मुक्काम होता आणि संध्याकाळी मी घड्याळ त्या आकड्याला नीट लावले होते. रात्रीतून वादळी हवा जवळ आली आणि दाब साडेचार हेक्टोपास्कलांच्या आसपास उतरला. सकाळी घड्याळ न पाहता, न लावता आम्ही निघालो. नकाशाप्रमाणे ९८० मीटरवर धारेवरून डावीकडे वळायचे होते. धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नव्हते, म्हणून मी आकड्यावर विसंबले, आणि घड्याळाने ९८० दाखवले तेव्हा आम्ही खरे तर ते वळण ओलांडून चाळीसेक मीटर खाली एका घळीच्या तोंडाशी पोहोचलो होतो. परत चढून वाट सापडेपर्यंत तास गेला. घड्याळ निर्दोष होते. निघताना खिंडीची उंची पुन्हा भरण्यासाठी लागणारा अर्धा मिनिट मी दिला नव्हता, आणि त्याची टोचणी मला आजही आहे.

म्हणून कुणी घड्याळ बिघडल्याचे सांगितले की मी आधी एक साधी चाचणी करायला सांगते. घड्याळ रात्रभर टेबलावर ठेवावे आणि सकाळी त्यातला उंचीचा व दाबाचा आलेख पाहावा. रेषा सावकाश वर किंवा खाली सरकलेली असेल, तर ते हवामान आहे. उष्ण कटिबंधात तर आकाश स्वच्छ असतानाही दाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि हा फरक दोन ते तीन हेक्टोपास्कल, म्हणजे वीसेक मीटर उंचीइतका असू शकतो. रेषा एकदम उड्या मारत असेल, तर मात्र सेन्सरचा किंवा त्याच्या छिद्रांचा संशय घ्यावा. काही घड्याळांत हालचाल नसताना उंची स्थिर धरून बदल दाबाच्या खात्यात टाकण्याची सोय असते. तिथे उंचीची रेषा सपाट आणि दाबाची हललेली दिसेल, आणि ते योग्यच आहे. पण हीच सोय सेटिंगमध्ये कायमची दाबमापनाला अडकून राहिली, तर माणूस डोंगर चढत असतानाही घड्याळ उंची वाढवत नाही आणि वादळाचा इशारा देत बसते. तक्रार घेऊन आलेल्या दोन घड्याळांत मला नेमके हेच आढळले आहे.

छिद्रांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यांच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. बाहेरची हवा आत पोहोचावी म्हणून घड्याळाच्या कडेला किंवा पाठीमागे टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या घड्याळात चढाईची नोंद फार उशिरा होई; माथ्यावर पाच मिनिटे बसल्यावर आकडा हळूहळू वर येई. त्याने ते सेवाकेंद्रात दिले, तिथून ते 'दोष आढळला नाही' अशा चिठ्ठीसह परत आले आणि पुढच्याच फेरीत पुन्हा तसेच वागले. मग आम्ही ते भिंगाखाली धरले. चार छिद्रांपैकी तीन छिद्रांवर पांढरट, खडबडीत खपली धरलेली होती: सुकलेला घाम, उन्हापासून बचावासाठी लावायचे मलम आणि धूळ यांचा थर. चौथ्या छिद्रातूनच काय तो श्वास चालला होता. घड्याळ आम्ही कोमट गोड्या पाण्यात काही मिनिटे बुडवून ठेवले, हलकेच हलवले, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतले आणि रात्रभर कोरडे होऊ दिले. दुसऱ्या दिवशी तीन मजले जिने चढताच काही सेकंदांत नऊ-दहा मीटरची नोंद झाली. घड्याळ पाण्यात चालणारे आहे याची खात्री असेल तरच हा उपाय करावा, आणि छिद्रात सुई, टाचणी किंवा जोराची हवा कदापि घालू नये. आतला पडदा फाटला की मग खरोखरच घड्याळ बदलावे लागते. छिद्रात पाणी साचून राहिले तरीही असाच घोटाळा होतो. पाण्याचा दाब किती जड असतो हे पाहायचे असेल, तर मनगट जेमतेम १० सेंटीमीटर पाण्याखाली धरावे, घड्याळ सुमारे ८० मीटर खाली उतरल्याचे सांगेल.

आता जीपीएसविषयी, कारण पुष्कळांना वाटते की उपग्रहावरून मिळालेला आकडा अंतिम असतो. आडव्या दिशेने जीपीएस जितके अचूक असते तितके उभ्या दिशेने नसते. उपग्रह सगळे आपल्या डोक्यावर, आजूबाजूला असतात, पायांखाली एकही नसतो. पृथ्वीच आडवी येते. त्यामुळे उंचीतली चूक सर्वसाधारणपणे आडव्या चुकीच्या दीडपट ते तिप्पट निघते, आणि दाट झाडीत किंवा उंच कड्याखाली ती आणखी वाढते. शिवाय जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. या दोन पातळ्यांत काही ठिकाणी मोठी तफावत आहे: भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्राची सरासरी पातळी त्या गणिती आकाराच्या सुमारे १०० मीटर खाली आहे, तर न्यू गिनीच्या परिसरात ती ८० मीटरांहून अधिक वर. उपकरणाने ही दुरुस्ती केली नाही, की किनाऱ्यावर उणे साठचा आकडा दिसतो. म्हणून ज्या घड्याळात जीपीएसवरून आपोआप कॅलिब्रेशन, म्हणजे उंचीच्या आकड्याची जुळवणी, होते, ते उघड्या आकाशाखाली पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवल्याशिवाय चाल सुरू करू नये. पहिल्याच मिनिटाची चुकीची उंची पाया म्हणून धरली गेली, की पुढचा सगळा दिवस तेवढ्या फरकाने सरकतो.

तापमानाचाही वाटा आहे. घड्याळ हिशेब करते तो समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि १५ अंश सेल्सिअस असलेल्या प्रमाण वातावरणावरून, आणि उष्ण, विरळ हवेत १,००० मीटरची खरी चढाई ९५० मीटरच्या आसपास भरू शकते. घट्ट बाही छिद्रांवर चढली असेल, जोराचा वारा थेट छिद्रावर येत असेल, किंवा खिडक्या लावलेल्या गाडीत पंखा वाढवला, तरी काही मीटर इकडे-तिकडे होतात. विमानात तर घड्याळ दोन हजार मीटरच्या आसपासच आकडा दाखवते, कारण ते विमानाची उंची मोजत नसून केबिनमधल्या दाबाची मोजत असते.

एकूण चढाईच्या आकड्यावरून मात्र भांडू नये, असे मी गटातल्या सर्वांना सांगते. प्रत्येक घड्याळ किती लहान चढ मोजायचा आणि किती सोडून द्यायचा हे आपापल्या पद्धतीने ठरवते. एकाने दोन मीटरचे चढ-उतार धरले आणि दुसऱ्याने पाच मीटरखालचे गाळले, तर दोघेही प्रामाणिक असून उत्तरे वेगळी येतात. नंतर संगणकावर भूभागाच्या नकाशावरून दुरुस्त केलेला आकडाही तिसराच असतो, कारण त्या नकाशांत जमीन साधारण ३० किंवा ९० मीटरच्या चौकटींत मोजलेली असते, आणि अरुंद धार किंवा पुलावरची वाट त्या चौकटीत मावत नाही.

उंची हाताने भरताना एक चूक फार सहज होते. घड्याळ समुद्रसपाटीचा दाब विचारते आणि माणूस आपल्या ठिकाणचा प्रत्यक्ष दाब भरतो. सहाशे मीटर उंचीवर असे केले, तर घड्याळ आपल्याला समुद्रकिनाऱ्यावर नेऊन बसवते. दाबाच्या भानगडीत न पडता नकाशावरच्या ज्ञात उंचीच्या बिंदूवर थांबून तो आकडा भरणे अधिक सुरक्षित. मी आता निघताना, खिंडीत, पाणवठ्यावर आणि माथ्यावर असे प्रत्येक ओळखीच्या जागी ते करते, आणि हवा बिघडत असेल तर तासा-दोन तासांनी.

एवढे सगळे वापरणाऱ्याने करावे, हे मान्य. पण घड्याळे बनवणाऱ्यांकडेही माझी एक मागणी आहे. उंचीच्या आकड्याशेजारी तो दाबावरून आला की उपग्रहावरून, आणि शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले, एवढे दोन तपशील घड्याळाच्या दर्शनी पडद्यावर दिसले पाहिजेत. 'चौदा तासांपूर्वी' असे शब्द त्या धुक्याच्या सकाळी माझ्या मनगटावर असते, तर मी खिंडीतच थांबले असते. आपल्या वृत्तपत्रात नव्या घड्याळांची परीक्षणे येतात, त्यांत पडद्याचा लखलखाट आणि बॅटरीचे दिवस यांबरोबरच ज्ञात उंचीच्या जागी घेतलेल्या नोंदी आणि रात्रभरच्या टेबलचाचणीचा आलेखही छापावा, अशी परीक्षण लिहिणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
डोंगरवाटांची एक नियमित वाचक