वॉरंटीचा क्लेम नाकारणारा माणूस आम्हाला दिसत काऊन नाही?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात पीक विम्याच्या तक्रारी नेहमी येतात, त्या यायलाच पाहिजे, पण आज मी गाडीच्या वॉरंटीबद्दल लिहून राहिलो. आता आमच्या दारव्हा तालुक्यात पण गावोगावी चारचाकी झाल्या, आणि गाडी घेताना शोरूममध्ये एक्सटेंडेड वॉरंटी घ्याच म्हणून मागे लागतात. घेणाऱ्याला वाटते की ही गाडीच्या कंपनीचीच वॉरंटी आहे. काही ठिकाणी असतेही, पण बऱ्याचदा क्लेम पास करणारी एक तिसरीच कंपनी असते, जिला थर्ड पार्टी ऍडमिनिस्ट्रेटर म्हणजे टीपीए म्हणतात.

मी २०२१ च्या दसऱ्याला डिझेल गाडी घेतली. तीन वर्षं कंपनीची वॉरंटी, पुढची दोन वर्षं एक्सटेंडेड, तिचे जीएसटी धरून १९,४०० रुपये तिथंच भरले. कागद म्हणून एक पावती मिळाली, बाकी अटी मेलवर येतील म्हणाले, आणि त्या आल्या त्या २० च्या वर पानं, सगळ्या इंग्रजीत.

जून २०२५ मध्ये ऐन पेरणीत गाडीचा पिकअप गेला, शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मागून धूर. गाडीवर टाकून यवतमाळला नेली, आमच्या गावापासून ५० किलोमीटरच्या वर. वर्कशॉपवाल्यानं टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पार्ट) गेला सांगितलं, ८६,००० चं एस्टिमेट काढलं आणि म्हणाला, वॉरंटीत आहे पण अप्रूव्हल वरून येईल. वरून म्हणजे कुठून, तर टीपीएकडून. त्यांनी आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग सर्व्हिस हिस्ट्री, मग म्हणे टर्बो खोलून दाखवा, आणि खोलायच्या आधी माझी सही घेतली की क्लेम नामंजूर झाला तर खोलायची मजुरी ४,८०० मी देईन. बिघाड कशानं झाला हे खोलल्याशिवाय कळत नाही हे मी पण समजतो, पण मग खोलायचा खर्च गिऱ्हाइकावर कसा?

सदतीस दिवस गाडी तिथं उभी होती. त्यात आईला दोनदा सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागलं, भाड्याची गाडी करून नेलं. आणि ३७ व्या दिवशी वर्कशॉपच्या पोरानं फोन करून सांगितलं, काका क्लेम रिजेक्ट झाला, ६० हजार किलोमीटरची सर्व्हिस लेट आहे.

लेट होती, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबर २०२४ ला सोयाबीन काढणी चालू होती म्हणून ६१,१५० किलोमीटरला केली. पण ती सर्व्हिस त्याच वर्कशॉपनं केली, पैसे घेतले, शिक्का मारला, आणि वॉरंटीला धोका आहे असं एका शब्दानं सांगितलं नाही. पुढची ७० हजाराची वेळेवर केली. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तो तेलावरच चालते, म्हणून तेल खराब असलं तर टर्बो जाऊ शकते हे मला मान्य आहे. पण लेट सर्व्हिस धरून दोनदा नवं तेल पडलं होतं. बिघाड जुन्या तेलानं झाला असं म्हणायचं तर बेअरिंग पाहा, तेलाची तपासणी करा, काहीतरी दाखवा! गाडी पाहायला माणूस आला नाही, फक्त किलोमीटरचा आकडा पाहून नाही म्हटलं.

मी कारण लेखी मागितलं तर वर्कशॉप म्हणते टीपीएला विचारा, टीपीएचा कॉल सेंटरवाला म्हणतो आम्ही फक्त डीलरशी बोलतो, आणि शोरूम म्हणते आमच्या हातात काही नाही. पैसे घेताना तिघंही एकच होते ना. वर्कशॉपच्या पोराचा मला राग नाही, त्याची पण एक जागा महिनाभर अडकून होती, तो रोज मेल करत होता. आणि मीटर मागे फिरवून क्लेम करणारे लोक पण असतात, म्हणून तपासणी व्हायलाच पाहिजे. पण आपण भरलेल्या पैशातून डीलरचं कमिशन जाते, मधल्या कंपनीची फी जाते, आणि क्लेम उरलेल्यातून द्यायचे असतात, तर तपासणाऱ्याला नाही म्हणण्यातच फायदा आहे की नाही हे कोणी तरी पाहिलं पाहिजे.

दवाखान्याच्या कॅशलेसवाल्या टीपीएला इर्डाचं, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, रजिस्ट्रेशन लागते, त्यांच्यासाठी २०१६ चे नियम आहेत. ते नियम आरोग्य विम्यापुरते आहेत, गाडीच्या वॉरंटीवाल्या टीपीएला लागू नाहीत. म्हणून सरकारला माझं मागणं आहे की पावतीवरच क्लेम कोण पाहणार त्या कंपनीचं नाव, पत्ता, फोन छापायला लावा, अटी मराठीत आणि पैसे घ्यायच्या आधी द्या, क्लेम नाकारला तर कोणत्या कलमानं आणि कोणत्या पुराव्यानं ते ठरावीक दिवसांत लेखी द्या, आणि सर्व्हिस लेट असेल तर त्याच दिवशी वर्कशॉपच्या जॉब कार्डवर लिहा.

माझ्यासारख्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. माझ्या कागदात वाद झाला तर केस दूरच्या शहरातल्या कोर्टातच चालेल असं छापलं आहे आणि ते वाचून मी आधी गप्प बसलो होतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते, तो ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड जाते, म्हणून प्रत्येक फोननंतर काय बोलणं झालं ते मेल करून ठेवा. मी ते उशिरा चालू केलं, पहिल्या वीस दिवसांचं माझ्याकडे काहीच नाही.

टर्बो मी शेवटी स्वतःच्या पैशानं बसवला, जुना टर्बो मागून घरी आणून ठेवला आहे, आणि यवतमाळच्या आयोगात तक्रार टाकून राहिलो. आपल्या जिल्ह्यात आणखी कोणाचा क्लेम असा फोनवर नाकारला असेल तर त्यांनी तुमच्या पेपराला कळवावं आणि तुम्ही ते छापावं ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ