शेजारी बसून खेळायलाही इंटरनेट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाच खोलीतील संगणक केबलने जोडून एकमेकांविरुद्ध खेळण्याची, म्हणजे ‘लॅन’ची, सोय नव्या गेममधून हळूहळू काढून टाकली जात आहे. शहरात हे कुणाच्या लक्षातही येत नसेल. पण ज्या वाडीत रेंजसाठी घाटी चढून सड्यावर जावे लागते आणि पावसात पोफळ आडवी झाली की फायबरची तार चार-चार दिवस लोंबकळत राहते, तिथे विकत घेतलेला खेळ त्यामुळे निरुपयोगी ठरतो.

गणपतीत चाकरमान्यांची मुले लॅपटॉप घेऊन येतात. आमच्या पडवीत यंदा दोन भाचे मांडीला मांडी लावून बसले होते, पण पैसे मोजून घेतलेला नवा गेम ‘सर्व्हरशी (म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशी) संपर्क होत नाही’ एवढेच सांगत राहिला. शेवटी संगणक एकमेकांना जोडणारा जुना स्विच आणि केबल शोधून त्यांनी १९९९ सालचा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ सुरू केला, आणि धाकट्यांनी एका मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ‘मिनी मिलिशिया’. दोन्हींना इंटरनेटची गरजच पडली नाही. (आरतीला हाका मारून घसा बसला, ती तक्रार वेगळी.)

यात तांत्रिक अवघड काही नाही. लॅनवर खेळणाऱ्यांपैकीच एकाचा संगणक यजमान होतो आणि संदेश मिलिसेकंदभरात पोहोचतो. केवळ ऑनलाइन चालणाऱ्या खेळात मात्र हातभर अंतरावरील दोघांचे संदेश शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येतात. १९९३ च्या ‘डूम’मध्येही चौघांना लॅनवर खेळता येत असे. १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये असलेली ही सोय २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागातून वगळली गेली. चोरट्या प्रतींना आळा घालायचा, हे कंपन्यांचे कारण अगदीच खोटे नाही. परंतु त्यासाठी एकदा ऑनलाइन नोंदणी करून घेणे पुरेसे असताना प्रत्येक डावाला इंटरनेटची अट घालणे मला अवाजवी वाटते. २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ सतत इंटरनेट मागत असे. प्रकाशनाच्या वेळी सर्व्हर कोलमडले, ओरड झाली आणि वर्षभरानंतर त्याच गेममध्ये ऑफलाइन खेळण्याची सोय आली. म्हणजे अडचण बहुतांशी इच्छेची आहे.

दूरच्या मित्रांशी खेळायचे तर सर्व्हर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण कंपनीने सर्व्हर बंद केला की काय? २०१४ चा ‘द क्रू’ ३१ मार्च २०२४ नंतर, एकट्याने खेळू पाहणाऱ्यालाही, उघडेनासा झाला. त्यानंतर युरोपात ग्राहकांनी याविरुद्ध सह्यांची मोठी मोहीम हाती घेतली, तर डिजिटल वस्तू विकताना आपण मालकी नव्हे, केवळ वापराचा परवाना देत आहोत हे स्पष्ट सांगण्याचे बंधन कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झाले.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा खरेदीदाराला माहितीचा हक्क देतोच. ‘इंटरनेटशिवाय चालणार नाही’ आणि ‘लॅनची सोय आहे अथवा नाही’ या दोन ओळी किमतीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने करावी, आणि ग्राहक संघटनांनी त्यासाठी पाठपुरावा करावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

– एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)