प्रोजेक्ट नवा कशाला? चालू असलेला दुरुस्त करा

महोदय,

उन्हाळा लागला की आमच्या दारव्ह्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत इंजिनिअरिंगच्या पोरांची गर्दी होते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, काळी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. आत ग्रंथालय व्यवस्थापन, नाही तर हॉस्पिटल व्यवस्थापन. बहुतेक वेळा मागच्याच बॅचचं, नावं बदललेलं. तोंडी परीक्षा आटोपली की ते सॉफ्टवेअर कोणी उघडूनही पाहत नाही.

मी तंत्रनिकेतनातून निवृत्त झालो. आता अभ्यासिकेतले जुने, लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवरचे संगणक सांभाळतो. मशीन अडकलं की टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एचटॉप’ लावतो; कोणता प्रोग्राम किती मेमरी आणि प्रोसेसर खातोय ते तो दाखवतो. एफ6 दाबून मेमरीनुसार क्रम लावला की चोर सापडतो, आणि तो बहुधा ब्राउझरच असतो. मेमरीची पट्टी भरलेली दिसली की पोरं घाबरतात. त्यातला पिवळा भाग नुसता कॅश, म्हणजे फाइलींचा तात्पुरता साठा असतो, गरज पडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो बराचसा मोकळा करतो, हे दर नव्या पोराला सांगावं लागतं.

हा प्रोग्राम ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी 2004 मध्ये आणला. पुढे काम थंडावलं, लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या पडून राहिल्या. 2020 मध्ये काही जणांनी मिळून तो हाती घेतला आणि ऑगस्टमध्ये 3.0.0 आवृत्ती काढली. सगळा कोड सी भाषेत आहे, कोणालाही वाचता येतो.

अशा प्रोग्रामवरचं वर्षभराचं काम विद्यापीठाने प्रोजेक्ट म्हणून का धरू नये? दोष शोधणं, तो पुन्हा घडवून दाखवणं, दुरुस्ती पाठवणं, सांभाळणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणं. दुरुस्ती स्वीकारली गेली तर कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये नाव-तारखेसह नोंद राहते, नाही गेली तरी चर्चा वाचता येते. परीक्षकाला याहून चांगला पुरावा कुठून मिळणार? मार्गदर्शकांना सी विसरायला झालं असेल, ही अडचण मात्र खरी आहे.

एचटॉपमध्ये प्रोसेसरचं तापमानही दिसतं. त्यासाठी संगणकावर लिबसेन्सर्स हे सेन्सरचे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर असावं लागतं. आता मे महिन्यात, पत्र्याखाली, कूलर बंद असताना हे आकडे नीट येतात का, हे आमच्या अकोला-यवतमाळच्या पोरांइतकं कोण तपासू शकेल?

यंदा एखाद्या गटाची तयारी असेल तर अभ्यासिकेतली मशीनं चाचणीसाठी देतो. दिवसा भरतीची तयारी करणारी पोरं बसतात, त्यामुळे रात्री आठनंतर या.

– एक निवृत्त शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)