आबा, तेलाचा भाव कोण ठरवतं?

दम्माम, सौदी अरेबिया

तीर्थरूप आबांस व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आबा, परवा तुम्ही म्हणालात, "तुझे अरब भाव ठरवतात आणि इथं ट्रॅक्टरचं डिझेल महागतं." फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

भाव बाजारात ठरतो. हे तेलवाले देश फक्त किती तेल काढायचं ते ठरवतात. पूर्वी भाव परदेशी तेलकंपन्या परस्पर पाडायच्या. त्याला वैतागून १९६० साली सौदी, इराण, इराक, कुवेत आणि व्हेनेझुएला यांनी बगदादला ओपेक, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांची संघटना, काढली. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांचं तेल तोडलं, तेव्हा तीन डॉलरचं बॅरल काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं.

तुम्ही भावासाठी चाळीत कांदा धरून ठेवता, तसंच हे. पण कांद्याला कोंब फुटतात, तो सडतो. जमिनीतलं तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्यात सौदीला तयार विहिरी बंद ठेवणं परवडतं. मला तर खरी ताकद तीच वाटते. हे कधीही लाखो बॅरल बाजारात ओततील, हा धाक सगळ्यांना असतो.

एकी मात्र टिकत नाही. ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त काढणारे असतातच. मार्च २०२० मध्ये ओपेकबाहेरचा, पण तिच्यासोबत उत्पादन ठरवणारा रशिया कपातीला तयार झाला नाही, म्हणून सौदीनं उत्पादन वाढवलं. त्यात कोरोना आला. एप्रिलमध्ये पुन्हा बसून दिवसाला ९७ लाख बॅरलची कपात ठरली, पण ती लागू होणार होती मेपासून. २० एप्रिलला अमेरिकेतल्या वायद्याचा भाव उणे ३७ डॉलरवर गेला, म्हणजे विकणाराच वर पैसे द्यायला तयार होता. तेल स्वस्त झालं म्हणून तिकडे लोक खूश होते. इथं त्या वर्षी साइटवरची कामं थांबली, माझ्यासोबतची किती तरी पोरं हिशेब घेऊन गावी गेली.

आणि आबा, तेल उतरलं की आपल्या पंपावर तेवढं उतरतंच असं नाही. २०१४ च्या मध्यात शंभराच्या वर असलेलं बॅरल जानेवारी २०१६ मध्ये तिसाखाली आलं. त्याच काळात दिल्लीनं पेट्रोल-डिझेलवरचा कर, म्हणजे उत्पादन शुल्क, नऊ वेळा वाढवला. त्यामुळे सगळा राग इकडच्यांवर काढू नका.

नांगरटीला डिझेल किती लागेल ते कळवा, पैसे पाठवतो. आई, गुडघ्याच्या गोळ्या बंद करू नकोस.

तुमचा धाकटा