स्पीकरच्या दोन जोड्या, एकच अँप्लिफायर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीत नवे स्पीकर घेणाऱ्याला जुनी जोडी मोडीत घालवत नाही, आणि ‘अँप्लिफायरला ए आणि बी अशी दोन कनेक्शने आहेतच, दोन्ही लावा, आवाज भरीव येईल’ असा सल्ला त्याला दुकानातही सर्रास मिळतो. हा सल्ला अर्धवट आहे आणि प्रसंगी महागात पडणारा आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

बहुतेक अँप्लिफायरमध्ये ए आणि बी एकदम चालू केले की दोन्ही जोड्या समांतर जोडल्या जातात. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला करतो तो विरोध मोजण्याचे एकक) दोन जोड्यांचा भार मग ४ ओहम होतो, ८ आणि ४ ओहमच्या मिळून २.७ ओहमच्या आसपास येतो, आणि ओहम जितके कमी तितका अँप्लिफायरमधून जाणारा विद्युतप्रवाह जास्त. मागच्या पत्र्यावर, जिथे सहसा कोणी वाकून पाहत नाही, तिथे अनेकदा ‘ए किंवा बी : ४ ते १६ ओहम, ए अधिक बी : ८ ते १६ ओहम’ अशा अर्थाची बारीक ओळ छापलेली असते. विक्रेत्याने बिल करण्यापूर्वी एवढी ओळ ग्राहकाला वाचून दाखवावी, ही माझी साधी अपेक्षा आहे. तसे न झाल्यास यंत्र तापते, नशीब चांगले असेल तर आपोआप बंद पडते, नसेल तर आतील ट्रान्झिस्टर जळतात.

ओहमचे गणित जुळले तरी एकाच खोलीत दोन भिन्न जोड्या एकदम वाजवण्याने फारसे काही साधत नाही, असे माझे मत आहे. एका जोडीची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॉटमध्ये ती किती मोठ्याने वाजते ते माप, ८६ डेसिबल आणि दुसरीची ९२ असेल, तर पहिलीला बरोबरीने वाजण्यासाठी चौपट वॉट लागतील. व्हॉल्यूमची कळ मात्र दोघींना मिळून एकच, त्यामुळे दुसरी जोडी पहिलीला दाबून टाकते. शिवाय एकच स्वर दोन स्पीकरमधून निघून ऐकणाऱ्यापर्यंत येताना अंतरात साधारण ३४ सेंटिमीटरचा फरक पडला, की ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांत विरतो, पुढे १५०० आणि २५०० हर्ट्झलाही तेच होते, आणि गायकाच्या आवाजाचा गाभा नेमका याच पट्ट्यात असतो. समोर मधोमध बसून गातो आहे असे वाटणारा गायक मग खोलीभर पसरतो. (समारंभात पार्श्वसंगीत म्हणून हे चालून जाते, ही गोष्ट वेगळी.)

जुनी जोडी स्वयंपाकघरात किंवा आतल्या खोलीत नेऊन, ए किंवा बी यांपैकी एकच चालू ठेवणे हा तिचा सर्वांत चांगला उपयोग होय. दोन्हीकडे एकाच वेळी आणि आपापल्या आवाजात ऐकायचे असेल, तर जुन्या जोडीसाठी वेगळा छोटा अँप्लिफायर घ्यावा. जळलेला मोठा अँप्लिफायर दुरुस्त करण्यापेक्षा तो बहुधा स्वस्तच पडेल.

आपला,
एक वाचक, पुणे